निघालो म्हणाला होता

माझी भाची उना गुरांची डॉक्टर आहे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवते, बिथरलेल्या घोड्याचा जबडा उघडून दात तपासते, पण त्या शुक्रवारी एका माणसाला पुन्हा फोन लावायचा तिला धीर होत नव्हता. मी समोरच बसले होते म्हणून सांगते. माणूस हा काय प्राणी आहे याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे. गावातल्या निम्म्या लोकांना मी गाडी चालवायला शिकवली. शेजारच्या सीटवर बसून माणूस जितका कळतो तितका त्याच्या बायकोलाही कळत नसेल. पण ओर्री काही माझ्या शेजारी बसला नव्हता.

ओर्री तिला मोबाइलवर भेटला. आजकाल जोडीदार तिथेच शोधतात. नाहीतर करणार काय? आमच्या खाडीकाठच्या गावात उनाच्या वयाचे बिनलग्नाचे पुरुष दोन. एक तिचा चुलतभाऊ, दुसऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरखेरीज कुणी आवडत नाही. ओर्री दक्षिणेकडे राजधानीत, रेक्याविकला, शाळेत सुतारकाम शिकवायचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याचे निरोप. उना गोठ्यात असली तरी तिचा खिसा गुणगुणायचा. ती एकदा दक्षिणेला जाऊन त्याला भेटली, एकदा दोघं अर्ध्या वाटेवर भेटले, आणि आता शाळांना हिवाळी सुट्टी लागल्यावर तो पहिल्यांदा आमच्याकडे येणार होता.

ही बातमी कुणाला कळू नये असं तिला वाटत होतं. पण सकाळी पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलं की माणसाच्या पोटात काही राहत नाही. आमचं कुंड ठरलेल्या माणसांचं आहे, आणि त्यात ब्रागी आहे. ब्रागी बोटीवर इंजिन सांभाळायचा, आता सगळ्यांची कुळं सांभाळतो.

"कुणाचा गं हा ओर्री?" त्यानं विचारलं.

"ओर्वारचा," उना म्हणाली.

"कुठला ओर्वार? पूर्वेकडचा, की तो धक्क्यावरून पडला होता तो?"

"मला काय माहीत! मी काय त्याची वंशावळ विचारत बसू?"

"मग दोन महिने बोलताय तरी काय?" ब्रागी खरोखरच चक्रावला होता.

दुसऱ्या दिवशी तोच सांगत आला की ओर्रीची आजी तरुणपणी आमच्या खाडीच्या टोकाच्या वाडीवर कामाला होती. झालं! गावाच्या हिशेबी ओर्री अर्धा घरचाच झाला. किराणा दुकानातल्या बाईनंसुद्धा उनाला विचारलं, त्याला मटणाच्या सूपमध्ये सलगम चालतं का म्हणून.

शुक्रवारी सकाळी त्याचा निरोप आला. "निघालो." सोबत एक हसरं तोंड.

दक्षिणेकडून आमच्याकडे यायचं तर ग्राउफेलचा घाट चढावाच लागतो. दुपारनंतर घाटात वारा सुटणार, बर्फ पडणार, असं रेडिओवर सकाळपासून सांगत होते. उनानं त्याला तसं कळवलं. तो निरोप पोचला, पण त्यानं वाचला नाही. गाडी चालवत असेल, म्हणून ती गप्प बसली. मग जेवणाची वेळ टळून गेली. तिनं फोन केला. वाजत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा केला, तर फोन बंद.

मी तिच्याकडे पोचले तेव्हा ती संगणकासमोर बसून घाटातला कॅमेरा बघत होती. रस्तेवाल्यांनी घाटमाथ्यावर खांबाला कॅमेरा लावलाय. आमच्याकडे हिवाळ्यात लोक टीव्हीपेक्षा तोच जास्त बघतात. थोड्या थोड्या वेळानं नवं चित्र येतं. आधी रस्ता दिसत होता, मग रस्त्याकडेचे पिवळे खांब तेवढे दिसत होते, मग तेही नाही. नुसतं पांढरं.

"गाडी कुठली आहे त्याची?" मी विचारलं.

"पांढरी."

"छान. अजून काही?"

"मावशी, चेष्टा नको ना."

मी कोट काढला आणि कॉफी ठेवली. स्वयंपाकघरात सूपचा वास भरला होता. उनानं केस धुतले होते, कानात तिच्या आईच्या रिंगा होत्या. गुरांच्या डॉक्टरच्या कानात रिंगा मी तिच्या शाळेच्या निरोप समारंभानंतर प्रथमच बघत होते. मला इतकं भरून आलं की मी उगाच ओटा पुसायला लागले.

"दोनच शक्यता आहेत," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "एक तर तो वर कुठेतरी अडकलाय, नाहीतर तो भूत झालाय."

"भूत?"

"तसंच म्हणतात याला. रोज बोलणारा माणूस एके दिवशी गप्प होतो. भांडण नाही, निरोप नाही, काही नाही. तू लिहीत राहतेस आणि तो नसतोच. मागच्या वेळचा नव्हता का तो, पियानो वाजवणारा? तो असाच गेला."

त्या पियानोवाल्याचं मला एवढंच माहीत होतं की 'ते जमलं नाही'. ते असं जमलं नव्हतं हे आज कळलं. महिनाभर ती स्वतःचेच जुने निरोप वाचत बसायची, म्हणाली. कुठल्या शब्दानं बिनसलं ते शोधत. गाईला काय झालंय ते गाईनं न सांगताही हिला कळतं, आणि इथे बोलता येणाऱ्या माणसाचं काही कळेना.

"आपली जुनी भुतं बरी होती की मग," मी म्हटलं. "निदान छपरावर बसून टाचा तरी आपटायची. आहेत हे कळायचं."

ती हसली नाही.

"पण मला एक सांग," मी म्हटलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "असा माणूस त्या वेळी करत काय असतो? म्हणजे तू इथे फोन हातात धरून बसलीयेस, तर तो तिकडे चहा पितो? झोपतो? त्याला तुझी आठवण येते की येतच नाही?"

"हेच तर, मावशी! मलाही हेच कळत नाही. वाईट माणूस असता तर कळलं असतं. ओर्री वाईट नाहीये. माझं मांजर मेलं तेव्हा तो फोनवर माझ्याबरोबर रडला होता."

मला इंडिकेटर न देता वळणारे लोक आठवले. मी आयुष्यभर त्यांच्यावर ओरडत आलेय. गंमत म्हणजे त्यांच्यातला एकही दुष्ट नव्हता. विचारलं की सगळे हेच म्हणायचे, मला वाटलं मागे कुणी नाही.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला. वारा आता खालीही पोचला होता, खिडकीची फळी वाजत होती. उना उठली, पुन्हा बसली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. उना आमच्या गावच्या शोधपथकात आहे. सुतार, मास्तर, बँकेतली पोर, असे सगळे आपापली कामं टाकून फुकट डोंगरात जाणारे लोक. त्यामुळे नियम तिला पाठ. घाट चढून येणारा माणूस वेळेवर आला नाही, फोन लागत नाही आणि हवा अशी आहे, तर वाट बघायची नाही. कळवायचं. हा नियम तिनंच तर शाळेत जाऊन पोरांना शिकवलाय.

पण कळवायचं म्हणजे काय, तर सगळं पथक वर जाणार. आणि तो सुखरूप दुसरीकडेच निघाला, तर उनाला पुरुषानं टाकलं हे वायरलेसवरून सगळ्या खाडीला कळणार. नाही कळवलं आणि तो खरंच वर गाडीत गोठत असला तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तो सुखरूप असू दे," ती पुटपुटली.

"आणि सुखरूप असला तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला आणि पथकाचा नंबर लावला.

पथकाच्या शेडमध्ये आम्ही पोचलो तेव्हा मोठी गाडी सुरू होती, माणसं लाल कपडे चढवत होती. ब्रागीसुद्धा आला होता. गुडघे गेलेत त्याचे, वर कुणी नेत नाही, पण वायरलेसपाशी बसतो. पथकाचा प्रमुख हेदिन हा कमी बोलणारा माणूस. माझ्याकडे गाडी शिकला तेव्हा पहिल्या चार धड्यांत 'हो' याखेरीज काही बोलला नव्हता. त्यानं उनाला भराभर विचारलं. गाडी कुठली, अंगात काय, हिवाळी टायर आहेत का, किती वाजता निघाला. घराचा पत्ताही घेतला. तिकडचे पोलिस जाऊन बघतो म्हणाले होते, पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांना कधी सवड होणार देव जाणे. तोवर हवा काही थांबणार नव्हती.

उना आपल्या खुंटीवरचे कपडे काढायला गेली तर हेदिन आडवा आला.

"तू नाही."

"का नाही?"

"घरच्या माणसाला मी वर नेत नाही. तुला माहितीये."

"मी त्याची घरची नाहीये, हेदिन. दोनदा भेटलेय फक्त."

"तुझ्याकडेच येत होता ना?"

"हो."

"मग आज तूच घरची," हेदिन म्हणाला आणि गेला.

शेडच्या कोपऱ्यात स्टोव्हजवळ एक जुना सोफा आहे. हरवलेल्यांचे आईबाप, बायका तिथे बसतात. उनानं किती जणांना तिथे कॉफी नेऊन दिली असेल. त्या दिवशी ती स्वतः त्यावर बसली, आणि सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. बँकेतल्या पोरीनं जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिने त्याच्याशी बोलून 'घरची' हे जे नाव तिला मिळालं नव्हतं ते त्याच्या हरवण्यानं मिळालं. मला ते बघवेना. मी भाकरीला लोणी लावायला घेतलं, धुरावलेल्या मटणाचे काप केले. हात चालू असले की मी बरी असते.

वायरलेस खरखरत होता. पुलापर्यंत काही नाही. पहिल्या वळणावर काही नाही. एकमेकांचा हात धरून चालतोय, पुढचा खांब दिसत नाही. ब्रागी प्रत्येक निरोप नकाशावर टिपत होता आणि एकदाही कुणाचं कूळ विचारत नव्हता.

"माझ्यामुळे ही पोरं वर आहेत," उना म्हणाली.

"त्याच्यामुळे," मी म्हटलं.

"तो वर असेल तर त्याच्यामुळे. नसेल तर माझ्यामुळे."

मग हेदिनचा फोन वाजला. तो वर जाऊन आला होता, अंगावरचं बर्फ झटकत दारातच उभा होता. त्यानं ऐकून घेतलं, दोनदा 'हो' म्हणाला, फोन ठेवला. आधी त्यानं ब्रागीला खूण केली. ब्रागीनं वरच्या सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. मग हेदिननं वायरलेसचा आवाज बारीक केला, एक स्टूल ओढलं आणि उनासमोर बसून तिचा हात हातात घेतला. वाईट बातमी अशीच देतात. हे त्यांना शिकवलेलं असतं. समोर बसायचं, हात धरायचा, सरळ सांगायचं, घोळवायचं नाही.

"उना," हेदिन म्हणाला, "तो जिवंत आहे. घरी आहे."

"घरी म्हणजे?"

"रेक्याविकला. पोलिसांनी दार वाजवलं. त्यानंच उघडलं."

"लागलंय का त्याला?"

"नाही."

"आजारी?"

"नाही. बरा आहे. मधूनच परत फिरला, म्हणाला." बिचाऱ्या हेदिनला हे वाक्य पुढे कसं न्यायचं ते कळेना. मेलेल्या माणसाची बातमी द्यायला त्याला शिकवलं होतं, जिवंत माणसाची नाही. तो नुसता तिचा हात धरून बसला.

"बरं झालं," उना म्हणाली. तिचा आवाज अगदी नीट होता. रिंगा काढून तिनं खिशात टाकल्या.

माणसं परतली. भुवयांना बर्फ, नाकं लाल. आमच्यात रीत अशी की जेवायला बसण्याआधी शोध कसा संपला ते प्रमुखानं सगळ्यांना सांगायचं. चांगलं असो, वाईट असो, वर गेलेल्या प्रत्येकाला ते ऐकायचा हक्क आहे. हेदिन उभा राहिला. घसा खाकरला. टोपी या हातातून त्या हातात केली.

"बस तू," उना म्हणाली. "मी सांगते." आणि ती सोफ्यावरून उठली. "तो निघाला होता, पण मधेच परत फिरला. मला कळवलं नाही. तो घरी आहे आणि त्याला काही झालेलं नाही. तुम्ही गेलात, मी ऋणी आहे."

मग ब्रागी म्हणाला, "माणूस घरी सापडला, याहून चांगला शोध नाही. भाकरी आणा इकडे."

लोक जेवायला लागले, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओर्री. इतका वेळ नसलेला माणूस अचानक असा उगवला. मी तर म्हणणार होते, दे इकडे, मी बघते त्याला. पण उनानं उचलला. ती बाहेर गेली नाही, तिथेच स्टोव्हजवळ उभी राहिली. ओर्रीचा आवाज इतका चढलेला होता की माझ्यापर्यंत येत होता.

"पोलिस पाठवलेस? माझ्या घरी? शेजारी बघत होते सगळे!"

"कुठून परत फिरलास तू?" उनानं विचारलं. ती चिडलेली नव्हती. गोठ्यात शिरल्यावर गुराखी कितीही ओरडत असला तरी ती असंच शांतपणे विचारते, कधीपासून खात नाहीये?

"काय?"

"कुठून फिरलास?"

"पेट्रोल पंपावरून. इकडच्या खाडीवरचा पूल ओलांडल्यावर आहे तो."

"तिथे काय झालं?"

"काही नाही. सॉसेज-पाव खाल्ला."

"आणि?"

"आणि... नको वाटलं. का ते नाही माहीत."

"हवेमुळे?"

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"नाही, उना. तू चांगली आहेस. म्हणूनच कळवता येईना. मला वाटलं आज नको, उद्या लिहू. मला वाटलं, तू समजून घेशील."

"मी समजले की तू मेलास," उना म्हणाली. "आमच्याकडे निघालो म्हणणारा माणूस आला नाही तर तो मेला असंच समजतात. मग सगळे उठून त्याला शोधायला जातात."

तिनं जेवणाऱ्यांकडे एकदा पाहिलं.

"ते आत्ता परत आले," ती म्हणाली. "वीस-पंचवीस जण आहेत. भाकरी खातायत. सांगू का त्यांना सॉसेजचं?"

त्यावर तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. माफी मागत असावा, कारण ती "बरं" म्हणाली, आणि आणखी एकदा "बरं". मग फोन ठेवून तिनं स्वतःसाठी एक भाकरी घेतली आणि उभ्यानंच खाल्ली.

मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडायला निघाले. वारा पडला होता, खालच्या रस्त्यावर नुसतं ओलं होतं. मी मनात त्या पेट्रोल पंपावरच उभी होते. माणूस सॉसेज खातो, कागद चुरगाळतो, हात पुसतो आणि गाडी उलटी वळवतो. एवढंच. मला वाटत होतं, निदान काहीतरी मोठं निघेल. दुसरी बाई, जुनं कर्ज, काहीही. पण कारण शोधायला जावं तर आत काहीच नव्हतं, आणि मला त्या गोष्टीचा संताप येत होता.

"मावशी," उना म्हणाली, "तुला एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी? मी तर सगळ्यांना सांगते."

"हेदिन म्हणाला ना, जिवंत आहे, घरी आहे. तेव्हा मला आधी वाईट वाटलं." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "म्हणजे मेलेला नको होता गं. तसं नाही. पण नुसता पाय मोडलेला चालला असता. गाडी खड्ड्यात, फोन फुटलेला, पाय मोडलेला."

"आणि तोंडानं उना, उना?"

"हो," ती म्हणाली. "तेवढं हवंच होतं."

"मी तर दोन्ही पाय मोडलेले धरले होते," मी म्हटलं.

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. दिवसभरात ती पहिल्यांदाच रडत होती. तिच्या घरासमोर मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि काही एक न विचारता तिच्या शेजारी बसून राहिले.